प्रश्न आधी, ऐक्य नंतर : रिपब्लिकन पक्ष का वाढला आणि का ओसरला

नगरपरिषद असो, जिल्हा परिषद असो की विधानसभा, निवडणूक जाहीर झाली की दिग्रस, दारव्हा, आर्णी, पुसद या पट्ट्यातल्या आपल्या प्रत्येक बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "नेते एक झाले असते तर आज समाजावर ही वेळ आली नसती." माना डोलतात, चहा होतो आणि बैठक संपते. दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याचा गट आपापल्या वाटेने जातो.

आम्हाला हे वाक्य अर्धेच खरे वाटते. नेते एक झाले होते. एकदा नाही, अनेकदा झाले. प्रत्येक वेळी ते ऐक्य पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकले नाही. मग ऐक्य टिकत का नाही, हा खरा प्रश्न आहे. १९९८ नंतर जन्मलेल्या आपल्या तरुणांना रिपब्लिकन पक्ष म्हणजे कंसात नाव लिहिलेले गट एवढेच माहीत आहे. त्यांच्यासाठी हा इतिहास थोडक्यात मांडत आहोत. कुणा एका नेत्याला दोष देणे हा हेतू नाही. पक्ष कशाने वाढतो आणि कशाने ओसरतो, हे समजून घेणे हा हेतू आहे.

बाबासाहेबांचे तीन पक्ष

बाबासाहेबांनी पहिला पक्ष काढला ऑगस्ट १९३६ मध्ये. त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष. नावात जात नव्हती, मजूर होता. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत या पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आणले. निवडून आल्यावर बाबासाहेबांनी काय केले हे महत्त्वाचे आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्यात महार होते तसे कुणबीही होते. ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात ते कम्युनिस्टांच्या सोबत उभे राहिले, आपला विचार बाजूला न ठेवता.

दुसरा पक्ष शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, स्थापना जुलै १९४२, नागपूर. त्या वेळी ब्रिटिश सत्तांतराच्या वाटाघाटी करत होते आणि अस्पृश्यांचा वेगळा आवाज नोंदवणे गरजेचे होते. फेडरेशनने ते काम केले, पण निवडणुकीत मार खाल्ला. १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब पराभूत झाले. एकट्या समाजाच्या मतांवर जिंकता येत नाही, हे त्यातून स्पष्ट दिसले.

म्हणून तिसऱ्या पक्षाची कल्पना पुढे आली. सगळ्या शोषितांचा, लोकशाही मानणाऱ्यांचा, सत्ताधाऱ्यांना खरा पर्याय देणारा पक्ष. त्यासाठी समाजवादी नेते राममनोहर लोहिया यांच्याशी पत्रव्यवहारही झाला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पक्ष स्थापन झाला तो त्यांच्यानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ ला, नागपुरातच. एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले.

हे लक्षात ठेवले पाहिजे. रिपब्लिकन पक्ष बाबासाहेबांनी चालवलेला नाही. त्यांनी कल्पना दिली, चालवण्याची जबाबदारी वारसांवर आली.

वाढीची वर्षे : जमीन

सुरुवात जोरदार होती. १९५७ च्या लोकसभेत फेडरेशनचे ६ खासदार निवडून आले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकमधून जिंकले. मुंबई राज्यात हे यश संयुक्त महाराष्ट्र समितीसोबतच्या युतीतून आले. म्हणजे समाजाचा प्रश्न मोठ्या लढ्याला जोडलेला होता.

दादासाहेबांनी पुढे जो प्रश्न हाती घेतला तो जमिनीचा. गावात आपल्या माणसाला कसायला जमीन नसेल तर तो पाटलाच्या वाड्यावरच राबणार, आणि तिथे राबणारा माणूस मत कुणाला देणार, हे त्यांना नीट कळत होते. १९५९ मध्ये खानदेश आणि मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ ला देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. पक्षाच्या आकड्यांनुसार तीन लाखांहून जास्त लोक तुरुंगात गेले. बाया लेकरांना कडेवर घेऊन गेल्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या सरकारला वाटाघाटी करून मागण्या तत्त्वतः मान्य कराव्या लागल्या.

मागण्या दहा होत्या. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन लागू करा, धान्य रास्त भावात द्या, बौद्ध झालेल्यांच्या सवलती चालू ठेवा, बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेत लावा, अशा त्या होत्या. तैलचित्र लागले १२ एप्रिल १९९० ला. केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलतीही १९९० मध्येच मिळाल्या. जमिनीची मागणी मात्र अजून तिथेच आहे.

त्याच काळात उत्तर प्रदेशातही पक्ष वाढत होता. १९६२ च्या लोकसभेत पक्षाचे ३ खासदार आले ते तिघेही उत्तर प्रदेशातून. अलीगढला बी. पी. मौर्य जिंकले ते जाटव आणि मुस्लिम एकत्र आल्यामुळे. त्या वर्षी महाराष्ट्रातून मात्र एकही खासदार आला नाही. कारण घर तोपर्यंत फुटले होते.

पहिली फूट कशावरून झाली

१९५९ मध्येच पक्षात दोन तट पडले. बी. सी. कांबळे यांच्या गटाचे म्हणणे असे की, दादासाहेबांचा जमिनीचा लढा कम्युनिस्टांच्या वळणाचा आहे. आपण संविधानाच्या मार्गाने, सुशिक्षित नेतृत्वाखाली चालले पाहिजे. या गटाला 'दुरुस्त' हे नाव पडले आणि मग दुसरा आपोआप 'नादुरुस्त' ठरला. आज हे ऐकून हसू येते. पण त्या वादात एक खरा प्रश्न होता : आपला पक्ष शहरातल्या शिकलेल्या नोकरदाराचा की गावातल्या भूमिहीनाचा? दोघांचाही, हे उत्तर सोपे होते. पण दोघांना एका कार्यक्रमात बसवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. बाबासाहेबांच्या मजूर पक्षात ते दोघे एकत्र होते. इथे ते समोरासमोर उभे राहिले.

१९६७ : पाहुणा होऊन गेलो

१९६७ मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी दादासाहेबांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. त्यामागचे गणित समजण्यासारखे होते. समितीचे दिवस संपले होते, स्वतंत्र लढून जागा येत नव्हत्या आणि कार्यकर्ते थकले होते. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, सहकारी सोसायट्या या सगळ्या नव्या सत्ता काँग्रेसच्या हाती होत्या. आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते.

पण त्या समझोत्यानंतर पक्षाचा स्वभाव बदलला. त्याआधी कार्यकर्त्याला वर जायचे असेल तर सत्याग्रहात माणसे उभी करावी लागत. त्यानंतर वर जाण्याचा जवळचा रस्ता सापडला : मोठ्या पक्षाच्या नेत्याशी ओळख. एक जागा, एक महामंडळ, एक विधान परिषद. जागा एक आणि इच्छुक दहा. उरलेल्या नऊ जणांना गट काढण्याशिवाय दुसरा मार्ग दिसत नव्हता. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे आणि रा. सू. गवई ही आपल्या विदर्भातली दोन मोठी, कर्तबगार माणसे. एक राज्यसभेचे उपसभापती झाले, दुसरे विधान परिषदेचे सभापती आणि पुढे राज्यपाल. त्यांची व्यक्तिगत योग्यता कुणी नाकारू नये. पण खोब्रागडे गट, गवई गट, कांबळे गट असे म्हणता म्हणता पक्षाचा कार्यक्रम काय, हे विचारायचे राहून गेले.

या पोकळीतूनच १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्यासोबतचे तरुण रिपब्लिकन पुढाऱ्यांवरच चिडलेले होते. गावोगावच्या अत्याचारांवर पक्ष गप्प का, हा त्यांचा सवाल होता. दोन वर्षांत पँथरही फुटली. वाद होता बुद्ध की मार्क्स. १९५९ चाच प्रश्न नव्या पिढीत नव्या शब्दांत परत आला. जुने उत्तर कुणी शोधले नव्हते म्हणून तो परत आला.

काठमांडू, १९५६ आणि मॉस्को, १९९१

या प्रश्नावर बाबासाहेब बोलून गेले होते. २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दुःख आणि शोषण संपवायचे हे ध्येय दोघांचे जवळजवळ सारखेच आहे, मार्ग वेगळे आहेत. बळजबरीने आणलेली व्यवस्था बळ हटले की टिकेल का? माणसाचे मन बदलले नाही तर काय उरेल? पस्तीस वर्षांनी, डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा हा प्रश्न जगाने विचारला.

पण बाबासाहेबांचे दुसरे म्हणणे आपण विसरतो. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी शेती आणि मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली होती. म्हणजे हुकूमशाही नको, पण समाजवाद हवा, आणि तो संविधानात लिहिलेला हवा. आपल्या पक्षाचा आर्थिक पाया हा होता.

सोव्हिएत संघ कोसळला त्याच १९९१ मध्ये भारताने नवे आर्थिक धोरण स्वीकारले. सरकारी भरती आटत गेली, खासगीकरण आले, आणि आपले आरक्षण तर सरकारी नोकरीतच होते. विदर्भात १९७२ पासून चाललेली कापूस एकाधिकार खरेदी योजना पुढे मोडीत निघाली. यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर गेले. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी, कोरडवाहू शेतकऱ्याचे कर्ज, पदवी घेऊन घरी बसलेला मुलगा, हे सगळे प्रश्न रिपब्लिकन पक्षाने उचलावेत असे होते. पण त्या वेळी पक्षात चर्चा होती ती ऐक्याची.

चार खासदार

ते ऐक्य झालेही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. समाज पेटून उठला. त्या रेट्याखाली नेते एकत्र आले आणि काँग्रेससोबत आघाडी करून १९९८ ची लोकसभा लढले. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर मध्य मुंबईतून निवडून आले. चारही जागा खुल्या होत्या. चारपैकी तीन विदर्भातल्या. आपल्या यवतमाळच्या शेजारचे दोन जिल्हे त्यात होते. आपल्या घरातली मोठी माणसे त्या निकालाची आठवण अजून काढतात.

तेरा महिन्यांत लोकसभा विसर्जित झाली. शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली. मोठे घर फुटले तसे त्याच्या ओसरीवरचे ऐक्यही फुटले. १९९९ मध्ये दोनच जागा उरल्या, अकोला आणि पंढरपूर, त्याही वेगवेगळ्या गटांच्या. पुढे आठवले गट २०११ मध्ये शिवसेना-भाजपसोबत गेला आणि २०१६ पासून आठवले केंद्रात राज्यमंत्री आहेत.

१९९८ चे ऐक्य रमाबाई नगरातल्या रक्तावर उभे होते. पण त्याचा कार्यक्रम कागदावर आला नाही. चार खासदारांनी एकत्र बसून जमिनीवर, मजुरीवर, खासगी क्षेत्रातल्या नोकऱ्यांवर एक भूमिका घेतली असती, तर युती तुटल्यावरही पक्ष उरला असता.

दूरच्या देशातला एक पक्ष

ही फक्त आपली गोष्ट नाही. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा, ऑक्टोबर १९९१ मध्ये, युक्रेनमध्ये समाजवादी पक्ष स्थापन झाला. जुन्या कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली होती. गरिबांची बाजू घेणारा पण हुकूमशाही नाकारणारा पक्ष, अशी त्याची ओळख. ऑलेक्सांद्र मोरोझ त्याचे नेते. २००० साली एका पत्रकाच्या हत्येत राष्ट्राध्यक्षांचा हात असल्याचे सुचवणाऱ्या ध्वनिफिती मोरोझ यांनी भर संसदेत उघड केल्या. २००४ च्या जनआंदोलनात हा पक्ष लोकांच्या बाजूने उभा राहिला. २००६ च्या निवडणुकीत त्याला ३३ जागा मिळाल्या.

आणि मग काही महिन्यांतच, ज्या पक्षाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते त्याच पक्षाशी त्याने आघाडी केली. मोरोझ संसदेचे सभापती झाले. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, पुन्हा निवडणूक झाली. संसदेत जायला ३ टक्के मते लागत होती. समाजवादी पक्षाला २.८६ टक्के मिळाली. पंधरा वर्षांचा पक्ष एका खुर्चीपायी संसदेबाहेर गेला आणि पुन्हा आत आला नाही.

तिथे नेतृत्वाचे भांडण हे मुख्य कारण नव्हते.  म्हणजे नेत्यांच्या भांडणाशिवायही पक्ष बुडतो. आपण कशासाठी आहोत याचे उत्तर मतदाराला मिळेनासे झाले की तो दुसरीकडे जातो. युती करणे पाप नाही. बाबासाहेबांनी केली, दादासाहेबांनी समितीसोबत केली. पण युती कुठल्या मागणीसाठी, हे आधी ठरलेले असावे लागते.

जवळचा अनुभव : अकोला आणि किनवट

वेगळा प्रयोग आपल्या शेजारीच झाला. प्रकाश आंबेडकरांच्या भारिप-बहुजन महासंघाने बौद्धांसोबत माळी, धनगर, बंजारा, आदिवासी अशा समाजांना उमेदवारी आणि नेतृत्व दिले. बंजारा समाजातून आलेले मखराम पवार १९९९ च्या सरकारात मंत्री झाले. पैनगंगेपलीकडच्या किनवटमध्ये आदिवासी उमेदवार भीमराव केराम निवडून आले. अकोला जिल्हा परिषदेत हा पक्ष वर्षानुवर्षे सत्तेत राहिला. तिथे कार्यकर्ता गावात टिकला, कारण त्याच्याकडे काम होते.

२०१८ मध्ये त्यातूनच वंचित बहुजन आघाडी उभी राहिली. २०१९ च्या लोकसभेत तिला राज्यात जवळपास सात टक्के मते मिळाली. आघाडीतल्या एमआयएमने औरंगाबाद जिंकले, पण वंचितला स्वतःची एकही जागा मिळाली नाही. विधानसभेला ती आघाडी तुटली आणि तेव्हाही हात रिकामाच राहिला. मते आहेत, माणसे आहेत, सभांना गर्दी आहे. पण दोन निवडणुकांच्या मधल्या साडेचार वर्षांत गावात कुठला लढा चालू आहे, याचे उत्तर बहुतेक तालुक्यांत देता येत नाही.

मग दिग्रसमध्ये काय करायचे?

आमचे म्हणणे सरळ आहे. नेत्यांचे ऐक्य आपल्या हातात नाही. प्रश्न उचलणे आपल्या हातात आहे. आणि सुरुवात तिथूनच करता येते जिथे दादासाहेबांनी सोडले.

पहिले, ई-क्लास आणि गायरान. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंत सरकारी जमीन कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तरीही कित्येक कुटुंबे तीन पिढ्या जमीन कसतात आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले तेव्हा गावोगाव नोटिसांची धास्ती पसरली. प्रत्येक गावातल्या दोन तरुणांनी तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही पाहावी. कुणाचे नाव आहे, कुणाचे नाही, दंडाच्या पावत्या कुणाकडे आहेत, याची यादी करावी. एवढ्याने लढ्याचा पाया तयार होतो.

दुसरे, ज्या योजनेला दादासाहेबांचे नाव आहे ती. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्तांना प्राधान्य आहे. अडचण अशी की सरकार जिरायत जमिनीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाखांपर्यंतच भाव देते आणि त्या भावात विकायला कुणी सहसा तयार होत नाही. अर्ज पडून राहतात. समाजकल्याणच्या यवतमाळ कार्यालयात आपल्या तालुक्याचे किती अर्ज आहेत आणि किती जमीन खरेदी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. भावाची मर्यादा वाढवा, ही मागणी इथूनच उठू शकते.

तिसरे, हा प्रश्न एकट्याने लढू नका. बंजारा तांड्यावर, कोलामांच्या पोडावर, मुस्लिम मोहल्ल्यातल्या मजुराच्या घरात आणि दोन एकरवाल्या कुणब्याच्या घरातही जमिनीचे आणि मजुरीचेच दुखणे आहे. वनहक्काचे दावे अडकलेला आदिवासी आणि १-ई मध्ये नाव शोधणारा बौद्ध एका मोर्चात चालले तर १९३८ चा कौन्सिल हॉलचा मोर्चा पुन्हा दिसेल.

प्रत्येक विहारात आठवड्यातून एकदा वंदना होते. त्यानंतरचा अर्धा तास या कामाला द्या. कागद आणा, वाचा, अर्ज लिहा. गट कुठलाही असो, यादीत नाव सगळ्यांचे असते. जो नेता मत मागायला येईल त्याच्यासमोर ती यादी ठेवा आणि विचारा : यातल्या किती कुटुंबांचा सातबारा तुम्ही करून देणार, आणि कधीपर्यंत? उत्तर लिहून घ्या. पाच वर्षांनी तोच कागद पुन्हा समोर ठेवा.

नमो बुद्धाय, जय भीम!